चार मिनिटं वीस सेकंद

ताई,

मी सतरा वर्षांची आहे. क्रॉस-कंट्री माउंटन बाइकिंग करते आणि देशात माझ्या वयोगटात तीन वर्षं पहिली येतेय. यंदा पहिल्यांदाच बाहेरच्या देशात ज्युनिअर मुलींच्या शर्यतीत उतरले. ५८ जणी होत्या. मला सातव्या रांगेत उभं केलं. पहिल्या सिंगलट्रॅकच्या (एकच सायकल मावेल अशा पायवाटेच्या) तोंडाशी सगळ्या अडकल्या आणि मी सायकल हातात धरून नुसती उभी. पुढे चढावर मी मुलींना गाठत होते, उतारावर त्याच मुली मला परत मागे टाकत होत्या. पाचपैकी चार फेऱ्या झाल्यावर पंचांनी हात दाखवून बाहेर काढलं. निकालात माझ्या नावापुढे ‘उणे एक फेरी’.

पुढे असलेल्या मुलीची पहिली फेरी १५ मिनिटांची होती. मी तिच्यापेक्षा पहिल्या फेरीत ४ मिनिटं २० सेकंद मागे पडले, दुसरीत २:५०, तिसरीत २:४०, चौथीत २:४५. कोच सर म्हणतात, तीन किलो उतरव, चढावर फरक पडेल. बाबा म्हणतात, कर्ज काढू पण फुल सस्पेन्शन (दोन्ही चाकांना दणके झेलणाऱ्या स्प्रिंगा असलेली) सायकल घेऊ. मला वाटतं, वर्षभर शाळा सोडून फक्त सराव करावा. (चार महिने पाळी आलेली नाही, पण सराव वाढला की तसं होतंच असं बाकीच्या मुली म्हणतात.) पुढचं वर्ष माझं ज्युनिअर म्हणून शेवटचं. परत जाऊ का? की हे आपल्यासाठी नाहीच?

ता. क. परतताना डावं पेडल निघेचना. पाना घसरून बोटं सोलली. शेवटी तसंच खोक्यात कोंबलं.

– उणे एक


प्रिय उणे एक,

तुझ्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तू कंसात टाकलं आहेस. मी तिथूनच सुरू करते. शर्यत कुठे पळून जात नाही.

सराव वाढला की पाळी जाते, हे मीही तुझ्या वयाची असताना ऐकलं होतं. तेव्हा ते थोडं अभिमानानेही सांगितलं जायचं, की बघा किती मेहनत करते. तो शुद्ध अडाणीपणा होता. खाण्यातून येणारी ऊर्जा आणि सरावात जाणारी ऊर्जा यांचा मेळ बसेनासा झाला की शरीर काटकसर सुरू करतं, आणि आजचा दिवस काढायला ज्याची गरज नाही ते आधी बंद करतं. पाळी त्यात लवकर जाते. पाठोपाठ झोप बिघडते, सर्दी लवकर जात नाही, सराव तेवढाच करूनही पाय जड राहतात. खेळाच्या वैद्यकात याला ‘रेड्स’ म्हणतात. लांबलचक नाव रिलेटिव्ह एनर्जी डेफिशियन्सी इन स्पोर्ट. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या तज्ज्ञांनी २०१४ मध्ये हे नाव रूढ केलं. मुलांनाही हे होतं, फक्त त्यांच्याकडे वाजायला अशी घंटा नसते. तुझी घंटा चार महिने वाजतेय.

यात मला खरी काळजी हाडांची आहे. पळणाऱ्या-उड्या मारणाऱ्या मुलींच्या हाडांना निदान जमिनीचे दणके बसतात आणि ती त्यामुळे भक्कम होतात. आपण बसून खेळतो, सायकल आपलं वजन वाहते, म्हणून सायकलपटूंच्या हाडांना हा फायदा फारसा मिळत नाही. त्यात हाडांची शिल्लक साठवायची वर्षं हीच, किशोरवयापासून विशीपर्यंतची. आणि आपला खेळ असा, की पडणं ठरलेलंच.

तेव्हा या आठवड्यात डॉक्टरकडे जा, आईला किंवा बाबांना बरोबर घेऊन. चार महिने पाळी नाही हे पहिल्याच वाक्यात सांग, आठवड्याला किती तास सायकल चालवतेस तेही सांग. कारण थायरॉइडचं असू शकतं, आणखी काही असू शकतं, ते तपासणीत कळेल. घरी बसून तू किंवा मी ठरवायचं नाही. रक्तात लोह किती साठलंय तेही बघायला सांग. आणि औषध लिहून देण्याआधी डॉक्टरांना माहीत असू दे की तू आंतरराष्ट्रीय स्पर्धा खेळतेस आणि तुझी उत्तेजक चाचणी होऊ शकते. आपल्या शरीरात काय सापडलं याची जबाबदारी नियमाने आपलीच असते, सतरा वर्षांची असलीस तरी. सर्दीच्या साध्या गोळीतलं स्यूडोएफेड्रिनसुद्धा स्पर्धेच्या काळात ठरावीक प्रमाणाबाहेर गेलं तर गोत्यात आणतं. कुणी दिलेल्या पावडरी तर नकोतच.

आता ते तीन किलो. नाही. डॉक्टरांचा निकाल येईपर्यंत एक ग्रॅमही नाही, आणि त्यानंतरही कोच सरांच्या सांगण्यावरून नाही. सरांचा मला राग नाही. ते तू हरलीस म्हणून तळमळताहेत आणि हाताला लागेल तो उपाय सांगताहेत. पण त्यांना तुझं पत्र परत वाचायला दे. चढावर तू मुलींना गाठत होतीस, मागे पडत होतीस ती उतारावर. जी चढावर पुढे जाते तिला चढासाठी बारीक व्हायला सांगायचं, याला आपल्याकडे आग सोमेश्वरी अन् बंब रामेश्वरी म्हणतात.

मग आग कुठे आहे? तू आकडे पाठवलेस हे फार बरं केलंस. बहुतेक मुलं नुसती रडकी गोष्ट पाठवतात आणि मग मला अंदाजाने उत्तर द्यावं लागतं.

पंचांनी तुला काढलं ते ऐंशी टक्क्यांच्या नियमाने. पुढे असलेल्या रायडरच्या पहिल्या फेरीला जेवढा वेळ लागला, त्याच्या ऐंशी टक्क्यांपेक्षा तू जास्त मागे पडलीस की तुझी शर्यत संपली. ती पंधरा मिनिटांची फेरी, म्हणजे तुझी मर्यादा बारा मिनिटं. तुझे चार आकडे जोड: १२ मिनिटं ३५ सेकंद. पस्तीस सेकंदांनी तुझी पाचवी फेरी गेली.

पहिला आकडा पुन्हा बघ. ४:२०. पुढचे तिन्ही २:४५ च्या आसपास. म्हणजे तुझा खरा वेग फेरीमागे पावणेतीन मिनिटं मागे असण्याचा आहे, आणि पहिल्या फेरीत त्यावर दीड मिनिटाहून जास्त वेळ फुकट गेला. तो गेला सायकल हातात धरून उभं राहण्यात. पहिली फेरीसुद्धा २:४५ ने गेली असती तर चौथीच्या शेवटी तू बरोबर अकरा मिनिटं मागे असतीस, एक मिनिट हाताशी राखून, आणि पाचव्या फेरीला निघाली असतीस. त्याच पायांनी, त्याच वजनाने, त्याच सायकलवर. घोडं पेंड खातंय ते इथे.

देशात तू पहिल्या रांगेत उभी राहतेस. शिट्टी झाली की समोर मोकळा रस्ता. तीन वर्षं पहिली आलेल्या मुलीने तीन वर्षांत गर्दीतून कधी वाट काढलेली नसते, हे कुणाच्या लक्षातच येत नाही. तिकडे रांगा आधीच्या आंतरराष्ट्रीय शर्यतींत मिळवलेल्या गुणांवर लागतात. ज्यांच्याकडे गुण नाहीत त्यांचा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरतो आणि त्या मागे उभ्या राहतात. आठ-आठच्या रांगा धरल्या तर सातव्या रांगेतल्या मुलीच्या पुढे अठ्ठेचाळीस हँडलं असतात. सुरुवातीचा रुंद रस्ता संपतो, एकच सायकल मावेल अशी पायवाट लागते, तिथे एखादी मुळावर घसरते आणि मागच्या सगळ्या उभ्या. पहिल्या रांगेतल्या मुली तेव्हा झाडीत दिसेनाशा झालेल्या असतात.

माझ्या पहिल्या बाहेरच्या शर्यतीत मी काय केलं माहितीये? पुढची मुलगी पडली तर मी थांबून तिला विचारलं, लागलं का गं. आपल्या भाषेत. ती उठून, सायकल खांद्यावर टाकून पळाली पण, आणि मी अजून तिचा बाटलीचा पिंजरा न्याहाळतेय. तेवढ्यात बाजूने नऊ जणी गेल्या. मलाही बाहेर काढलं होतं, तुझ्याहून एक फेरी आधी. (कुणी खरंच जायबंदी झालं तर थांबायचंच. पण गर्दीत नव्वद टक्के पडणं हे बसल्या जागी बसण्याएवढंच असतं.)

तर या गर्दीचा सराव करायचा, आणि तो करता येतो. आठवड्यातून दोनदा, सरावाच्या सुरुवातीला, पाय ताजे असताना स्टार्ट घे. एक पाय पेडलमध्ये अडकवलेला, गिअर आधीच ठरवलेला; फार हलका नको, नाहीतर पेडलच्या तीन फेऱ्यांत पाय हवेत फिरतात. दुसरा पाय न बघता अडकला पाहिजे. वीस सेकंद जीव तोडून, आणि मग थांबायचं नाही, हीच खरी मेख आहे: पुढची तीन मिनिटं जेमतेम सहन होईल अशा वेगाने चालवत राहायचं आणि त्या अवस्थेत एखाद्या अवघड तुकड्यात शिरायचं. क्रॉस-कंट्रीत नाडी शर्यतभर सरासरीनेच कमाल ठोक्यांच्या नव्वद टक्क्यांच्या आसपास असते, सुरुवातीला तर त्याच्याही वर. ताज्या डोक्याने मुळं ओलांडणं आणि डोळ्यांपुढे काजवे चमकत असताना ओलांडणं या दोन वेगळ्या कला आहेत. तू पहिलीचाच सराव केलाय.

दुसरं म्हणजे धक्के. तुझ्याबरोबर सराव करणारी दोन-तीन मुलं-मुली असतील तर त्यांना घेऊन गवतावर जा. सावकाश, खांद्याला खांदा, कोपराला कोपर लावून चालवा. एकमेकांना ढकला. हँडल हँडलला लागलं तरी ब्रेक दाबायचा नाही, हे बोटांना शिकवायला साधारण महिना लागतो. पडाल, हसाल. ज्या मुलांना बरोबर घेशील ती तुझ्यापेक्षा वेगवान असतील तर उत्तम, त्यांच्या मागेच सुरुवात कर. मुद्दाम वरातीमागून घोडं हाक आणि बघ किती जणांना गाठता येतं.

तिसरी गोष्ट कुणी शिकवत नाही: पळणं. वाट अडली की तू किती वेळ बावरून उभी होतीस? पुढच्या शर्यतीत वाट अडली की त्या क्षणी उतर, सायकल उचल, ज्या बाजूला कमी माणसं आहेत त्या बाजूने आखलेल्या पट्ट्यांच्या आतून पळ. पट्टीबाहेर गेलीस तर जिथून बाहेर पडलीस तिथूनच परत आत यावं लागतं, हे लक्षात ठेव. सायकल खांद्यावर घेऊन वीस पावलं पळून परत उडी मारून बसायचं, हे दर सरावात पाच वेळा. शेजारीपाजारी हसतील.

आता त्या उरलेल्या पावणेतीन मिनिटांकडे येऊ, कारण ती काही हवेत विरणार नाहीत. त्यातली बरीचशी उतारावर जाताहेत असं तुझंच निरीक्षण आहे. बाबांना तिथेच नवी सायकल दिसते.

फुल सस्पेन्शनने फरक पडतो का? पडतो, खोटं कशाला बोलू. मुळांवर आणि दगडांवर मागचं चाक जमिनीला धरून राहतं, पाठ कमी थकते, आणि आज सगळ्यात वरच्या पातळीवर जवळपास सगळे तसल्याच सायकली वापरतात. पण कर्ज काढून या वर्षी? माझं मत विचारशील तर नको. त्या पैशात दोन-तीन जास्तीच्या शर्यती होतात, आणि तुला या घडीला शर्यतींची भूक आहे. तुझ्या हार्डटेलवर (फक्त पुढे सस्पेन्शन असलेल्या सायकलवर) ड्रॉपर पोस्ट, म्हणजे चालवतानाच सीट खाली-वर करणारा दांडा, नसेल तर तेवढा मात्र बसवून घे. सीट खाली गेली की शरीर हलवायला जागा मिळते आणि तीव्र उतारावर पुढे कोलमडायची भीती निम्म्याने कमी होते.

आणि फुकटातली गोष्ट: टायरची हवा. हलक्या मुलींच्या सायकली मी तपासते तेव्हा दहातल्या सात वेळा टायरमध्ये हवा जास्त असते, कारण ती कुणा ऐंशी किलोच्या दादाने भरलेली असते. तू पन्नास-पंचावन्न किलोची असशील आणि २९ इंची चाकावर २.३ किंवा २.४ रुंदीचे ट्यूबलेस टायर असतील, तर १८ ते २० पीएसआयच्या आसपास सुरुवात कर, मागच्याला पुढच्यापेक्षा एखादा जास्त. दगडावर रिम आपटल्याचा आवाज आला तर एकेक वाढव. पुढच्या फोर्कचंही, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या सस्पेन्शनचंही तेच. सायकलवर चढून पेडलवर उभी राहिलीस की तो आपल्या एकूण प्रवासाच्या पंधरा-वीस टक्के दबला पाहिजे. बहुतेक फोर्क जड माणसाच्या हिशेबाने फुगवलेले असतात आणि मग हलकी मुलगी म्हणते, मला उतार जमत नाहीत. तिला फोर्कच मिळालेला नसतो.

उताराचं तंत्र पत्रातून शिकवता येत नाही, पण रायडर ट्रॅकवर जाऊन आधीचे दोन दिवस काय करते ते सांगता येईल, कारण तिथेही तू बहुतेक चुकली असशील. नवीन मुलं पोचल्या पोचल्या पूर्ण फेऱ्या मारत सुटतात. चार-पाच किलोमीटरच्या फेऱ्या पाच मारल्या की दमून झोपायला मोकळी. तसं करू नकोस. पहिल्यांदा चालत जा. सायकल हॉटेलवर. अवघड जागा वरून बघ, मग खाली जाऊन खालून बघ. खालून बघितल्यावर उडी अर्धी दिसते. तिथे उभं राहून इतर देशांच्या मुली कुठून जातात ते अर्धा तास बघत बस. फुकटची शिकवणी आहे ती. मग सायकल आणून ती एकच जागा सहा-सात वेळा कर. सलग दोनदा न डगमगता जमली की पुढच्या जागेकडे. जिथे लांबचा सोपा मार्ग दिलेला असतो तिथे दोन्ही मार्गांची वेळ घे. कधीकधी सोपा मार्ग फक्त तीन-चार सेकंदांनी लांब असतो, आणि चौथ्या फेरीत हात थरथरत असताना तोच शहाणपणाचा. घाबरट दिसण्याची भीती बाळगू नकोस, तिथे कुणी तुझ्याकडे बघत नसतं.

आणि शर्यतीच्या दिवशी सकाळी, अधिकृत सरावाची वेळ असेल तर, एकदा परत नजर टाक. टोकियो ऑलिंपिकची शर्यत २०२१ मध्ये इझूला झाली तेव्हा मॅथ्यू व्हॅन डर पोल, जगातल्या सगळ्यात कसलेल्या सायकलपटूंपैकी एक, पहिल्याच फेरीत एका ड्रॉपवर (एकदम खाली तुटलेल्या टप्प्यावर) आपटला. सरावाच्या वेळी तिथे उतरायला फळी लावलेली होती. शर्यतीत ती नव्हती, आणि त्याच्या डोक्यात ती अजून होती. व्हॅन डर पोलचं असं होऊ शकतं, तर रात्रीतून पाऊस पडून मुळं उघडी पडल्यावर आपलं काय होईल.

बाटलीचंही या निमित्ताने बोलते, कारण मघाच्या विषयाशी त्याचा संबंध आहे. ज्युनिअरची शर्यत साधारण एक ते सव्वा तासाची. एवढ्याशाला काय खायचं, असं म्हणून मुली नुसतं पाणी पितात. तू तर कदाचित वजनाच्या नादात सकाळीही कमी खाल्लं असशील. शर्यतीच्या तीन तास आधी पोटभर, सवयीचं, भात-पाव-बटाटा जे पचतं ते. आणि शर्यतीत तासाला ४० ते ६० ग्रॅम कर्बोदकं बाटलीतून. हे सरावात आधी करून बघायचं, पोटालाही सवय लागते. फीड झोनमध्ये (खाणंपिणं देण्यासाठी आखलेल्या जागेत) धावत्या सायकलवरून बाटली घेणं घरी कुणाला तरी उभं करून शिक. झोनबाहेर बाटली घेतली तर दंड होतो. त्याच पट्ट्यात टेक्निकल झोनही, म्हणजे सायकल दुरुस्तीची जागाही असते, तिथे तुझं जादा चाक ठेवलेलं असू दे. पॅरिस ऑलिंपिकला २०२४ मध्ये ब्रिटनच्या टॉम पिडकॉकचा टायर फुटला, चाक बदलण्यात चाळीसेक सेकंद गेले, आणि तरी सुवर्ण त्यानेच नेलं. त्याचे पाय तुझ्यामाझ्याकडे नाहीत. पण चाक तिथे नसतं तर त्या पायांचाही उपयोग नव्हता.

शाळा सोडू नकोस. याला मी फार जागा देणार नाही. तुझ्या वयाला आठवड्याला दहा-बारा तास नीट केलेला सराव पुष्कळ झाला, आणि तो शाळेबरोबर होतो. शाळा सोडलीस तर उरलेल्या वेळात तू जास्त सराव करशील, कमी खाशील आणि प्रत्येक शर्यत त्या सोडलेल्या वर्षाची किंमत वसूल करायला खेळशील. आपल्याच खेळातल्या, स्वीडनच्या येनी रिसवेड्सने २०१६ ला रिओत बावीस वर्षांची असताना ऑलिंपिक सुवर्ण जिंकलं. त्यानंतर नैराश्याने तिला खेळापासून दूर जावं लागलं. ती २०१९ मध्ये परतली, लेंझरहाइडचा वर्ल्ड कप जिंकली, पॅरिसला कांस्य घेतलं. हे तुला धाक दाखवायला सांगत नाही. शिखरावर पोचलेल्यांनाही थांबायला जागा लागते, एवढंच. तू अजून पायथ्याशी आहेस, दुसरी वाट आत्ताच बुजवू नकोस.

आणि ‘हे आपल्यासाठी नाहीच का’ याचं उत्तर एका शर्यतीतून निघत नाही. ज्युनिअर म्हणजे ज्या वर्षात सतरा आणि अठरा पूर्ण होतात ती दोन वर्षं, संपलं. कुणाला ती लागतात: नीनो शुर्टर २००४ मध्ये ज्युनिअर विश्वविजेता झाला आणि पुढे मोठ्यांची दहा विश्वविजेतेपदं जिंकला. कुणाला ती भलतीकडेच नेतात: पीटर सॅगन २००८ मध्ये ज्युनिअर क्रॉस-कंट्रीचा विश्वविजेता होता, आणि जगाला तो आठवतो रस्त्यावरच्या शर्यतींसाठी. तुझ्याबरोबर उभ्या असलेल्या ५७ जणींपैकी काही जणींची वाढ तेराव्या वर्षीच पूर्ण झालेली, काहींची अजून चालू. काही जणी बारा वर्षांच्या असल्यापासून दर शनिवारी असल्या मुळांवरून जाताहेत. पी हळद नि हो गोरी इथे चालत नाही.

परत जा. पण डॉक्टर हो म्हणाल्यावर, आणि असं जा: एकाच मोठ्या स्पर्धेसाठी वर्षभर दम धरून बसू नकोस. एकाच भागात लागोपाठ दोन-तीन आठवड्यांत होणाऱ्या लहान वर्गाच्या आंतरराष्ट्रीय शर्यती शोध आणि तिथे मुक्काम ठोक. प्रवास एकदाच होतो, झोपेची घडी बसायला वेळ मिळतो (घड्याळ जितके तास सरकतं साधारण तितके दिवस लागतात), आणि पहिल्या शर्यतीतली चूक ताजी असतानाच दुसऱ्या शर्यतीत सुधारता येते. लहान शर्यतीत मिळालेला एखादा गुणही तुला चिठ्ठ्यांच्या रांगेतून बाहेर काढतो. नोंदणी राष्ट्रीय महासंघामार्फत करायची असेल तर पत्रव्यवहार तीन महिने आधी सुरू कर, महासंघ कुठलाही असो, कागद आपल्या वेगाने चालत नाहीत. कितवी आलीस ते मला कळवू नकोस. पहिल्या फेरीत किती मागे पडलीस, तो आकडा कळव. तो तीन मिनिटांच्या आत आला पाहिजे.

सरांना हे पत्र दाखव. बाबांना सायकलचा परिच्छेद दाखव, कर्जाचे कागद सही होण्याआधी. कंसाचा परिच्छेद आईबरोबर बसून वाच.

आता ता. क. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात गं. उजवं नेहमीसारखं डावीकडे फिरवून सुटतं, डावं उजवीकडे फिरवून. तू ते काढत नव्हतीस, आणखी घट्ट करत होतीस. जोर भरपूर लावला असशील असं बोटांवरून दिसतं. पुढच्या खेपेला लक्षात राहायला सोपं: पाना पेडलवर लाव आणि सायकलच्या मागच्या चाकाच्या दिशेने वरून ओढ, दोन्ही बाजूंना तेच चालतं. परत बसवताना आट्यांना थोडं ग्रीस. आणि खोक्यात तुझ्या फ्रेमचा एक जादा डिरेलर हँगर (मागचे गिअर बदलणारा डिरेलर ज्यावर बसतो तो तुकडा) टाक. तो प्रत्येक फ्रेमचा वेगळा असतो, परक्या गावात शनिवारी संध्याकाळी कुणाकडेच मिळत नाही.

– ताई